गोलकीपर सुभानचं कार्ड

गुरुवार, ८ जानेवारी २००४

सापडलं! अब्बांचं कार्ड सापडलं! म्हणजे हातात नाही आलेलं अजून, पण या दुनियेत आहे एवढं तरी कळलं.

सकाळी दळण घेऊन येत होते. शिरूर स्टँडपाशी सोपानराव काकांनी हाक मारली. हे आमच्याच आळीतले, पंचायत समितीतून रिटायर झालेले. काड्यापेट्यांवरची चित्रं आणि जुनी रंगीत कार्डं जमवतात. घरात पाय ठेवायला जागा नाही, काकू रोज उठून रद्दीवाल्याला बोलवायची धमकी देतात. काका म्हणाले, "सुफिया, तुझे वडील दौंडला रेल्वेत होते ना गं? हॉकी खेळायचे? सुभान शेख?" म्हटलं, "हो, का?" तर म्हणतात, "अगं, काल पुण्यात रविवार पेठेत एकाकडं दोन मोर चहाचं कार्ड बघून आलो. एस. शेख, गोलकीपर, दौंड रेल्वे!"

मी तिथंच ओरडले. कडेवर पिठाचा डबा, एसटीतले लोक खिडकीतून बघायला लागले. बघू देत!

लहानपणापासून ऐकत आलेय मी हे. छप्पन-सत्तावन साल. दोन मोर छाप चहाच्या पुड्यात खेळाडूंची कार्डं निघायची, दौंड रेल्वेच्या हॉकी टीमचीही निघाली. पण दौंडच्या दुकानात ती कधी आलीच नाहीत. भुसावळच्या कुणीतरी सांगितलं, "सुभान, तुझं नाव छापून आलंय रे!" झालं! अब्बांनी वर्षभर तोच चहा आणला. दादी कावायची, चहाला चव नाही आणि किंमत बघा म्हणून. पुड्यात पैलवान निघाले, क्रिकेटवाले निघाले, एक पोहणारा तर तीनदा निघाला. अब्बा काही निघाले नाहीत. पुढं ती चहाची कंपनीच बुडाली.

आणि घरात अब्बांचा तरुणपणीचा एकही फोटो नाही. आहे तो रेल्वेच्या पासवरचा, चाळिशीतला, कपाळाला आठ्या. अब्बा तरुण असताना कसे दिसायचे हे मला, माझ्या भावाला इम्तियाजला, कुणालाच माहीत नाही.

किंमत विचारली. काकांनी सांगितली. माझा दीड महिन्याचा पगार! एवढ्याशा पुठ्ठ्याला! म्हटलं, "काका, सोन्याचा वर्ख लावलाय का त्याला?"

शुक्रवार, ९ जानेवारी

फिरोजला सांगितलं. नवरोबा म्हणाले, "येवढ्यात वॉशिंग मशीन येतं." म्हटलं, वॉशिंग मशीनवर माझ्या बापाचा फोटो असतो का?

गुरुवार, १५ जानेवारी

कंपनीला गुरुवारची सुट्टी. दौंडला जाऊन आले. न्हावरा, चौफुला, वरवंड, पाटस — कंबर मोडली, पण गेल्याचं सार्थक झालं.

अब्बा ओट्यावर बसले होते. मी पायरी चढले तर म्हणाले, "कोण हाय?" दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, डॉक्टर दोन वर्षं मागं लागलेत, पिकलाय म्हणतात, आणि हे ऐकत नाहीत! इम्तियाज सांगून थकला. मी परत विषय काढला तर तेच — "आता बघायचं काय राह्यलंय? तुमची तोंडं पाठ हायेत मला."

मग मी हुकमाचं पान टाकलं. म्हटलं, "अब्बा, तुमचं कार्ड सापडलंय."

अब्बांनी हात झटकला. मग, "उगं थापा मारू नको."

"आईशप्पथ अब्बा. पुण्यात आहे."

त्यांनी काठी बाजूला ठेवली आणि जे सुरू झाले! फोटो कसा काढला ते मला आजवर माहीतच नव्हतं. मुंबईहून फोटोवाला आलेला. टीमकडं ब्लेझर एकच! एकानं घालायचा, खुर्चीवर बसायचं, फोटो झाला की उतरवून पुढच्याला द्यायचा. अकरा जण, एक कोट. तो कोट होता ज्ञानदेवच्या मापाचा. ज्ञानदेव म्हणजे वरवंडचा, फुलबॅक, अब्बांचा जिवाभावाचा. "ज्ञान्या म्होरं उभा असला की मला गोलात कामच नसायचं. डुलक्या घ्यायचो मी." पुढं तो काविळीनं गेला, पस्तिशीसुद्धा बघितली नाही. त्याचं नाव आलं की अब्बा तोंड रस्त्याकडं वळवतात, तसं आजही वळवलं.

मी संधी साधली. म्हटलं, "कार्ड आणलं तर ऑपरेशन कराल?"

हसले. "तू कार्ड माझ्या हातात दे, मी दुसऱ्या दिवशी डोळे कापून घ्यायला बसतो. अल्लाची शपथ. इम्तियाज, तू साक्षीला हाय."

त्यांना वाटतंय मला जमणार नाही! बापाला लेक अजून कळली नाही.

शनिवार, १७ जानेवारी

सोपानराव काकांकडं चहाला. चहा राहिला बाजूला, प्रवचनच झालं. असली कार्डं घ्यायची कुठं आणि कशी, यावर काका तासभर बोलले. काकू आतून म्हणाल्या, "पोरीला कामं असत्यात हो!" — काही फरक नाही.

म्हणजे असं, की रविवार पेठेतला दुकानदार महाग आहे, पण वस्तू हातात घेऊन बघता येते. जुन्या बाजारात स्वस्त मिळेल, पण तिथं खऱ्याला एक तर खोट्याला दहा. आणि तिसरं म्हणजे इंटरनेट! काकांच्या पुतण्यानं त्यांना दाखवलंय, तिथं म्हणे लिलाव चालतो, कलकत्त्याच्या माणसाची वस्तू शिरूरच्या माणसाला घरबसल्या. काकांचं मत इंटरनेटला. "जग कुठं चाललंय सुफिया, आपण कुठं!"

म्हटलं, बघते तरी.

मंगळवार, २० जानेवारी

शिफ्टवरून परस्पर सायबर कॅफेत गेले. काका आधीच जागा धरून बसलेले, स्वेटर-मफलर घालून, जसं काही गाडीनं लांब जायचंय.

आणि होतं की हो! दोन मोर, एस. शेख, कलकत्त्याला. पुण्याच्या निम्म्या किमतीत. पण फोटो एवढासा, पोस्टाच्या तिकिटाएवढा, तोही धुरकट. मोठा करायला गेलो तर चौकोन-चौकोन दिसायला लागले. अब्बा आहेत का मारुती आहे, काही कळेना. खाली लिहिलेलं, बँकेचा डीडी आधी पाठवा, माल नंतर. परत घेतला जाणार नाही.

काका म्हणतात, "पाठव डीडी!"

काका, मी दहा वर्षं रांजणगावला इनवर्ड क्वालिटीत आहे. बाहेरून आलेला प्रत्येक पार्ट आधी मी बघते, मग तो आत जातो. न तपासता नट-बोल्टसुद्धा घेतला नाही कधी. आणि बाप घेऊ?

असं म्हणतच होते तेवढ्यात लाइट गेली. लोडशेडिंग! सगळा कॅफे काळोखात. काका अंधारात म्हणाले, "हा एक तोटा आहे इंटरनेटचा."

सोमवार, २६ जानेवारी

झेंडावंदनाची सुट्टी. दुपारी इम्तियाज दौंडहून हजर, तोंडावर असं हसू की जणू लॉटरी लागली. "आपा, डोळे मीट. हात कर." हातात काय, तर कार्ड! काल जुन्या बाजारात मिळालं म्हणे, घासाघीस करून पाव किमतीत. "तू नुसती शिकत बसलीस, मी घेऊनपण आलो!"

मी भिंग काढलं. पुठ्ठा पांढराशुभ्र, कडा कात्रीनं कापलेल्या, एक बाजू तिरकी. मागची चहाची जाहिरात पुसट, पण पुढचा रंग कोरा करकरीत. असं कसं? एकाच पुठ्ठ्याच्या दोन बाजू, एक म्हातारी एक तरणी? बोट ओलं करून कोपऱ्याला लावलं. बोट निळं झालं.

"रिजेक्ट," मी म्हटलं.

बिचारा! एवढंसं तोंड केलं. मग फिरोजनंच खो-खो हसायला सुरुवात केली, आणि मग इम्तियाजही हसायला लागला. बघितलं तर वर फोटो कुणाचा? कुणीतरी मिशाळ सरदारजी! नाव मात्र एस. शेख. "अब्बांनी पगडी कवा घातली रे?" म्हटलं. जेवून जा म्हटलं तर दोन ताटं जेवला.

सोमवार, २ फेब्रुवारी — बकरी ईद

सगळे दौंडला. सकाळी नमाजहून परत आले अब्बा. दारामागं खुंटीवर इम्तियाजचा कोट टांगलेला. अब्बा सरळ गेले आणि कोटाला मिठी मारली. "ईद मुबारक, फिरोज!" एकदा या खांद्याला, एकदा त्या खांद्याला. कोट खुंटीवरून निसटून त्यांच्या हातात आला तेव्हा कळलं त्यांना.

सगळे हसलो. अब्बा सगळ्यांपेक्षा जास्त हसले. "फिरोज लई बारीक झालाय," म्हणाले. मग मी स्वयंपाकघरात गेले आणि कांदा नसताना रडले.

ठरलं. भिशीचे पैसे अकरा तारखेला हातात येतात. वॉशिंग मशीन गेलं खड्ड्यात. धुते मी हातानं.

गुरुवार, ५ फेब्रुवारी

पुणे! फिरोजनं आज मोटार रिवायंडिंगचं दुकान बंद ठेवलं आणि स्वतःहून बरोबर आला. "तू तिथं भांडशील, कुणीतरी पाहिजे," म्हणाला.

काल रात्री काकांनी स्वतःचं दोन मोरचं कार्ड दिलं, तो तीनदा निघणारा पोहणारा. कंपनीत आम्ही मास्टर पीस ठेवतो ना, शेजारी धरून बघायला, तसं. काकांनी ते रुमालात गुंडाळून असं दिलं की जणू मुलगी सासरी पाठवतायत. "पाणी लागू देऊ नको गं."

दुकानदार जाड चष्म्याचे, तपकीर ओढणारे. कार्ड प्लास्टिकच्या पाकिटात. म्हटलं, बाहेर काढा. "बाहेर काढत नसतो ताई." म्हटलं, मग मी पैसे पण बाहेर काढत नसते. काढलं!

भिंग लावलं. पुठ्ठा मास्टरच्या पुठ्ठ्यासारखाच, तसाच पिवळसर, तेवढाच जाड. कडा मशीनवर कापलेल्या. छपाईचे ठिपके तसेच. मागची जाहिरात, अक्षरं, दोन मोरांच्या माना — सगळं जुळतंय. ओलं बोट लावू का म्हटलं तर दुकानदार खुर्चीतून उठलेच! "ताई, तीस वर्षं या धंद्यात आहे मी." म्हटलं, "मी दहा वर्षं लोकांचा माल परत पाठवतेय."

सगळं झाल्यावर, सगळ्यात शेवटी, चेहरा बघितला.

काय सांगू! चोवीस-पंचवीसचा तरणाबांड गडी. केस मागं वळवलेले, कान थोडे पुढं आलेले, ब्लेझर अंगात चपखल बसलेला. नाक बघितलं — इम्तियाजचं नाक! डिट्टो! फिरोज म्हणाला, "हनुवटी तुझी हाय." मला भरून आलं. दुकानात परक्या माणसासमोर डोळे पुसायला लागले. हे माझे अब्बा. माझ्यापेक्षा लहान!

ओके. पास.

दुकानदार म्हणाले, लवकर काय ते करा, वरवंडची एक पार्टी दोनदा फोन करून गेलीय. म्हटलं, हे तुम्ही सगळ्यांनाच सांगता. काकांनी आधीच बजावलं होतं. तरी मनात पाल चुकचुकली, आणि पूर्ण पैसे तर नव्हते. मग फिरोजनंच सुचवलं, विसार देऊन टाक. जमीन घेताना देतात तसा. विसार दिला की शब्द बांधला. दुकानदारांनी पण मान डोलावली, तपकिरीची चिमूट ओढली आणि पावतीवर लिहून दिलं — माल खोटा निघाल्यास पैसे परत. हे मी लिहून घेतलं. खोटा निघाल्यास!

मंगळवार, १० फेब्रुवारी

संध्याकाळी फिरोजच्या मोबाइलवर फोन. "सुफियाताईंना द्या." कोण तर पृथ्वीराज, वरवंडवरून. पोरगेलासा, अदबशीर आवाज. म्हणजे ती पार्टी खरीच होती!

"ताई, दुकानदारानं तुमचा नंबर दिला. ते दोन मोरचं कार्ड तुम्ही घेतलं म्हनं."

"विसार दिलाय मी."

"व्हय, कळलं. ताई, आमी जास्त देतो. तुमी म्हणाल ते. आमच्या घरचं—"

तुमच्या घरचं?! माझं डोकंच फिरलं. "माझ्या बापाचं नाव छापलंय त्याच्यावर, तुमच्या घरचं कुठून आलं?" म्हटलं आणि फोन कापला. परत वाजला. मी मोबाइलच बंद केला.

फिरोज म्हणाला, "ऐकून तरी घ्यायचं होतं." काय ऐकायचं? ऊसवाले असतील, पैसा खुळखुळतोय, शोकेसमध्ये ठेवायला पाहिजे असेल काहीतरी. आमच्या घरचं म्हणे! वरवंडवरून एसटी जाते त्या वेळी मी आता खिडकीबाहेर बघणार पण नाही.

गुरुवार, १२ फेब्रुवारी

आणलं!!

पुण्याहून येताना पर्स पोटाशी धरून बसले. शेजारची बाई म्हणाली, "दागिने हायेत का?" म्हटलं, त्याहून भारी.

घरी आल्याआल्या फिरोज म्हणतो, लॅमिनेशन करून घेऊ. शिरूरात आम्ही सगळ्याचं लॅमिनेशन करतो, रेशनकार्डाचं, मार्कशीटचं, लग्नपत्रिकेचं. मला पण वाटलं, बरोबर आहे, खराब नाही होणार. स्टँडसमोरच्या दुकानात मशीन गरम करायला लावलं पण त्यानं! नशीब, सोपानराव काका तिथं झेरॉक्स काढायला आलेले. एवढं धावताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. "काय करताय! काय करताय! जिवंत जाळताय त्याला!" भर रस्त्यात फिरोजला असं झापलं, की तो पुढं तासभर म्हणत होता, "मी फक्त विचारायला गेलो होतो."

कार्ड पुस्तकात ठेवलंय, दोन कोऱ्या कागदांच्या मध्ये. सारखी जाऊन बघतेय. नाक बघावं तर इम्तियाजचंच.

शुक्रवार, १३ फेब्रुवारी

कंपनीत सगळ्यांना सांगितलं. सुपरवायझर म्हणाले, "बापाचं पण इन्स्पेक्शन केलंस?" केलं म्हटलं. झिरो डिफेक्ट.

गुरुवार, १९ फेब्रुवारी

आज अब्बांच्या हातात दिलं.

मी समजत होते रडतील, ओरडतील. तसं काही नाही. दोन्ही हातांत धरलं, वास घेतला. "चहाचा वास गेला व्हय." डोळ्यांजवळ नेलं, लांब नेलं, खिडकीत जाऊन धरलं. "पांढरा ढग दिसतोय नुसता." मग ओट्यावर बसून म्हणाले, "तू सांग. कसा दिसतोय मी?"

सांगायला लागले. केस मागं वळवलेले. "व्हय, खोबरेल लावायचो." बघतोय समोर. "फोटोवाला म्हणला व्हता, कॅमेऱ्यात बघ." ब्लेझर मस्त बसलाय.

"बसलाय? माझ्या अंगात तर लोंबत व्हता."

म्हटलं, फोटोत कळत नाही अब्बा. कान जरा पुढं आलेत.

त्यांनी दोन्ही हात स्वतःच्या कानांना लावले. चाचपले. "माझे कान कुठं म्होरं हायेत गं?"

फिरोज म्हणाला, "वयानं मागं जात असतील, अब्बा." इम्तियाज इतका हसला की ठसका लागला. अब्बा पण हसले, पण कानावरचे हात लगेच काढले नाहीत.

मग स्वतःच म्हणाले, "शपथ घेतलीय. इम्तियाज, डॉक्टरला सांग." एवढंच! दोन वर्षं जे आम्हा सगळ्यांना जमलं नाही ते त्या पुठ्ठ्याच्या तुकड्यानं केलं. मी इम्तियाजकडं बघितलं, तो माझ्याकडं. दोघांनी तोंड फिरवलं.

शुक्रवार, २७ फेब्रुवारी

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, आत भिंग बसवलं. अब्बा टेबलावर डॉक्टरांना म्हणाले म्हणे, "नीट बघून बसवा, माझी लेक चेकिंगला हाय."

शनिवार, २८ फेब्रुवारी

पट्टी सोडली!

आधी छत बघितलं. मग भिंतीवरचं कॅलेंडर. मग इम्तियाजकडं बघून, "आरं, तुझे केस पिकले कवा?" मग माझ्याकडं. किती वेळ बघत राहिले. मला वाटलं आता काहीतरी चांगलं बोलणार. "सुफी, लई जाडी झालीस गं." म्हणजे तोंडं पाठ होती ना तुम्हाला!

नर्स हसली, मी हसले, नाक गळायला लागलं, पदर ओला झाला. दिसतंय त्यांना. माझ्या अब्बांना दिसतंय!

कार्ड बरोबर आणलं होतं. दिलं तर म्हणाले, जवळचं अजून धुरकट आहे. डॉक्टर म्हणाले, जवळचा चष्मा महिन्याभरानं मिळेल. मी पर्समधून माझं भिंग काढलं, तर अब्बांनी ते बाजूला सारलं. "न्हाई. येवढी वर्षं थांबलो, आता नीटच बघू. अर्धंमुर्धं न्हाई." कार्ड रुमालात गुंडाळून उशीखाली ठेवून दिलं. हट्टी म्हातारा! पण खरं सांगते, आवडलं मला ते.

रविवार, १४ मार्च

इम्तियाजचा फोन. अब्बा हल्ली रोज स्टेशनवर जातात आणि गाड्यांवरच्या पाट्या वाचतात. मोठ्यानं. प्लॅटफॉर्मवरच्या लोकांना वाटतं अनाउन्समेंट चालू आहे.

गुरुवार, ८ एप्रिल

चष्मा आला. घालून अब्बा ओट्यावर उजेडात बसले, रुमाल सोडला. आम्ही सगळे भोवती. बघितलं. बघतच राहिले. अंगठ्यानं हळूच त्या गालावरून फिरवलं आणि म्हणाले, "ज्ञान्या!"

मला वाटलं आठवण आली. "सुफी, ह्यो मी न्हाई. ह्यो ज्ञानदेव हाय. नाव माझं छापलंय, पण तोंड त्याचं." आणि रडायला लागले, आणि रडता रडता हसायला. "चाळीस वर्षांनी दिसला गं मला! जसाच्या तसा!" पुठ्ठा तपासला मी, शाई तपासली, कडा तपासल्या. माणूस तपासलाच नाही.

आणि मग ते वरवंड आठवलं. "आमच्या घरचं." मी त्या पोराचं बोलणं पुरं होऊ दिलं नव्हतं. फिरोजनं नंबर ठेवला होता, मला न सांगता. लावला. पृथ्वीराजनंच उचलला. माफी मागायला तोंड उघडलं तर म्हणाला, "जाऊ द्या ताई. मी त्याच दिवशी सांगणार व्हतो. आमच्याकडं आज्याच्या, ज्ञानदेवच्या नावाचं कार्ड हाय. पण आजी पहिल्या दिवसापासनं म्हणती, ह्ये माझं माणूस न्हाई, ह्यो दौंडचा सुभान. आज्याचा दुसरा फोटोच न्हाई, ताई. आजीनं चाळीस वर्षांत तोंड बघितलं न्हाई त्याचं."

कस्तुराबाई नाव आजीचं. विचारलं, तुमच्याकडच्या कार्डावरचा माणूस कसा दिसतो? म्हणाला, "बारीक हाय. कोट लोंबतोय अंगात."

उद्या रजा टाकलीय. अब्बांनी आत्ताच इस्त्रीचा शर्ट काढून ठेवलाय. मी पर्समधून ती 'खोटा निघाल्यास पैसे परत' लिहिलेली पावती तेवढी काढून फाडून टाकली. कार्ड वरवंडलाच राहील.